तोल मालाले सांगत नाईत

माझे घरमालक काका कधी 'एक' म्हणत नसत. धान्य मोजताना पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन, चार, ही आमच्याकडची जुनी रीत. बाजार समितीत मापारी म्हणून जन्मभर गोण्या तोलल्यामुळे त्यांच्या तोंडातून पहिला आकडा गळूनच पडला होता. भाकरी मोजताना लाभ, माडीच्या पायऱ्या चढताना लाभ, सकाळची रक्तदाबाची गोळीसुद्धा लाभ. मी त्यांच्या माडीवर राहायला आले त्या दिवशी सहज विचारलं, "काका, मुलं किती?"

"लाभच. सुलतानपुरात देल्ली."

सुलतानपुरात दिलेल्या मुलीचं नाव लाभा असावं असं मी समजले. पुढे कितीतरी दिवस मी काकूंजवळ लाभाताईंची चौकशी करत होते आणि काकू न अडखळता उत्तरं देत होत्या. चूक कळल्यावर मी ओशाळले, तर त्या म्हणाल्या, "मले वाटलं, तुमी लाडानं म्हनता. राहू द्या, तिले बी आवडलं." तिचं खरं नाव मंदा. आता तिच्या सासरचेही तिला लाभा म्हणतात.

काकांना जाऊन चार महिने झाले. मी अजून त्याच माडीवर राहते, धामणगाव बढेच्या शाळेत ग्रंथालय सांभाळते, आणि ठरलेल्या वेळी जेवते. शेवटची गोष्ट त्यांच्यामुळे.

खोली पाहायला आले तेव्हा त्यांनी माझं गाव, पगार, लग्न का झालं नाही, यातलं काहीच विचारलं नव्हतं. अंगणातल्या बाजेवर ते दाढी करून नुकतेच बसले होते. उंच, वाळलेले, गोण्यांना हात लावून लावून तळवे लाकडासारखे झालेले.

"बाई, जेवता किती वाजता?"

"तसं ठरलेलं नसतं."

माझ्यावर एखादा खटला चालू असल्याचं मी सांगितलं असावं, अशा नजरेनं त्यांनी काकूंकडे पाहिलं. "ठरलेलं नसते म्हन्ते."

"असू द्या," काकू म्हणाल्या, "पोरगी बरी दिसते."

माणसाकडे ते मालाकडे पाहावं तसं पाहत. कोणी घरात शिरलं की आधी पायांकडे, मग पोटाकडे, शेवटी तोंडाकडे. सोयाबीनचा दाणा दाताखाली धरून त्यात ओल किती ते ते सांगत, आणि बाजार समितीचं यंत्र फार तर अर्ध्या टक्क्यानं वेगळं सांगे. तेव्हा यंत्र चुकलं असं ते समजत. बाजारात त्यांना सगळे आडमुठे म्हणत. काकू एक प्रसंग सांगायच्या. एका अडत्याच्या हमालाने काट्याच्या फळीखाली बारीक खडा सारला होता. काकांनी आरडाओरडा केला नाही. ते गेले आणि स्वतःच काट्यावर मांडी घालून बसले. अडत्या म्हणाला, "मापारी, उठा ना जी, गाड्या थांबून राह्यल्या." हे म्हणाले, "माहा तोल चालू हाय." दुपार झाली, ओळीत उभ्या गाड्यांवरचे शेतकरी शिव्या द्यायला लागले, तेव्हा त्या अडत्यानं स्वतः वाकून खडा काढला. मग काका उठले, धोतर झटकलं आणि पुढच्या गोणीला म्हणाले, "लाभ."

त्यांच्या अंगणात लिंबाखाली एक जुना काटा होता. बाजारात विजेवरचे काटे आले तेव्हा भंगारात निघालेला. खाली गोणी ठेवायची लोखंडी फळी, पुढे कमरेच्या वर येणारा खांब आणि त्यावर सरकतं वजन असलेली आडवी दांडी. काकू त्याच्या फळीवर मुगवड्या वाळत घालत. काका रोज सकाळी तो काटा ओल्या फडक्यानं पुसत. दांडीला मात्र कुणाला हात लावू देत नसत.

मी या घरात आले तेव्हा जाड होते. लहानपणापासूनच होते, आणि त्याची मला सवय झाली होती. मला धास्ती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. माझी आई साखरेनं गेली. आधी अंगठ्याची जखम, मग पाऊल, मग डोळे. शेवटची दहा वर्षं तिचं ताट मी वाढलं. तिला काय चालतं, काय नाही, हे मला तोंडपाठ होतं. स्वतःच्या ताटाकडे मात्र मी कधी पाहिलं नव्हतं. इथे आल्यावर वर्षभरात बुलढाण्याला तपासणी केली. कागद पाहून डॉक्टर म्हणाले, "उंबरठ्यावर आहात. अजून आत पाऊल पडलेलं नाही. चाला, जेवण सांभाळा, वजन हळूहळू उतरवा. तीन महिन्यांनी पुन्हा पाहू." परतीच्या बसमध्ये मोताळा येईपर्यंत मी माझ्या पायाच्या अंगठ्याकडे पाहत होते.

'हळूहळू' हा शब्द मी तिथेच विसरले. शाळेतल्या एका सहकारी बाईंकडे भुकटीचे डबे असत. एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ पाण्यात कालवून ती प्यायची, दुपारी काकडी, बाकी काही नाही. मी डबा घेतला. काकूंना सांगितलं की माझा स्वयंपाक धरू नका, आणि काकांच्या नजरेला नजर देणं टाळू लागले.

पंधरा दिवसांत सात किलो उतरलं. शिक्षकांच्या खोलीत माझं कौतुक झालं. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, ओळखू येत नाही तुम्ही." ब्लाऊज सैल झाले. मी रात्र जागून ते आवळून घेतले नाहीत एवढंच; मनानं मात्र मी पुढच्या तपासणीचा कागद हातात धरूनच चालत होते. आईच्या वाटेवरून मी परत फिरले, असं मला खरंच वाटत होतं.

ते सोयाबीन सोंगणीचे दिवस होते. काकांनी एका संध्याकाळी मला अंगणात बोलावलं. सुपात दोन मुठी दाणे होते.

"हे काल पत्र्यावर टाकलं होतं. आज तोल कमी भरला. काऊन?"

"वाळलं म्हणून."

"दाने कमी झाले का?"

"नाही."

"कीड गेली? माती गेली? खडे गेले?"

"नाही."

"मंग गेलं काय?"

"पाणी."

"हाव." ते सूप त्यांनी अंगणाच्या भिंतीवर उघडं ठेवलं. "आता दव पडन. सकाळी पाहू."

सकाळी मी पाहायला गेले नाही. मला त्यांचा राग आला होता. ज्या माणसाला आयुष्यात कधी पोट सुटलं नाही, त्यानं मला सोयाबीनच्या मापानं मोजावं याचा.

डबा संपायला दोन दिवस उरले होते. रविवारची दुपार. काकू दळण आणायला गेल्या होत्या, काका मारुतीच्या पारावर. मी पाणी भरायला खाली आले आणि स्वयंपाकघरातून भाजलेल्या वांग्याचा वास आला. पाटीत फडक्याखाली ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी होत्या, पातेल्यात भरीत. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. मी बसले नव्हते. ताट घेतलं नव्हतं. पातेल्यात बोटं घालून, उभ्यानं, दारावर एक कान ठेवून मी खात होते. तिखटानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला थांबता येत नव्हतं.

काकू दळणाचा डबा घेऊन दारात उभ्या होत्या, हे मला फार उशिरा दिसलं.

त्यांनी डबा खाली ठेवला, पाट मांडला, ताट घेतलं. मग म्हणाल्या, "उभ्यानं खाऊ नका, बाई. ठसका लागन."

तेवढ्यात काका जेवायला आले. त्यांनी माझे हात पाहिले, पातेलं पाहिलं.

"किती टाकल्या होत्या?"

"सात," काकू म्हणाल्या.

"आता?"

काकूंनी फडकं उचललं. "लाभ."

मी रडायला लागले. चोरी सापडली म्हणून नव्हे. आई शेवटी शेवटी अशीच चोरून खायची, आणि मी तिला रागावायची, ते आठवलं म्हणून. काका माझ्यासमोर जमिनीवर बसले. ती उरलेली भाकरी त्यांनी ताटात घेतली, पातेल्याच्या कडेचं भरीत पुसून घेतलं आणि सावकाश खाऊ लागले. अर्धी संपल्यावर म्हणाले, "मी उपाशी राह्यलो का?"

"नाही."

"मंग रडतं काऊन, पोरी?"

'बाई' सोडून दुसरं काही त्यांनी मला म्हटलं ते तेवढंच.

उतरलेले सात किलो संक्रांतीपर्यंत परत आले, वर दोन घेऊन. तिळगूळ द्यायला खाली गेले तेव्हा काका काट्याजवळ उभे होते. म्हणाले, "चढा."

मी घाबरत चढले. दांडीचं तोंड त्यांच्याकडे होतं, मला फक्त खांबाची मागची बाजू दिसत होती. त्यांनी वजन सरकवलं, थांबले, पुन्हा थोडं सरकवलं. मग म्हणाले, "हं. उतरा."

"किती?"

"ते मी पाह्यलं."

"पण मला कळायला नको?"

"तोल गिऱ्हाइकाले सांगतेत, बाई. मालाले सांगत नाईत."

"मग गिऱ्हाईक कोण?"

त्यांनी काकूंच्या स्वयंपाकघराकडे बोट केलं आणि फडकं घेऊन काटा पुसायला लागले.

त्यानंतर दर गुरुवारी सकाळी मला काट्यावर चढावं लागे. गुरुवारच का, हे मी कधी विचारलं नाही. "हं. उतरा." इतकंच. मी बुलढाण्याला डॉक्टरांकडे नियमानं जात होते, आणि त्यांनाही सांगून ठेवलं होतं की वजन मनात ठेवा, मला साखर तेवढी सांगा. डॉक्टर हसले, पण ऐकलं त्यांनी. पहिल्या वेळी साखर होती तिथेच होती. दुसऱ्या वेळीही.

काकांनी मला पथ्य म्हणून काहीच सांगितलं नाही. जेवणाच्या बाबतीत बाजारातले दोनच कायदे त्यांनी माझ्यावर लावले. पहिला ढिगाचा. तोल सुरू झाला की ढिगात भर टाकायची नाही. म्हणजे ताटात जे घ्यायचं ते सगळं आधी घ्यायचं, डोळ्यांना दिसेल असं: मुळा, कांद्याची पात, अंबाडीची किंवा तरोट्याची भाजी, वरण, भाकरी. मग पाटी आणि पातेलं काकू उचलून ओट्यावर ठेवत. माझं ताट पहिल्यांदा पाहून ते म्हणाले होते, "भाजी काऊन कोपऱ्यात बसवली? तिले का सुतक हाय?"

दुसरा कायदा लाभाचा. पहिली भाकरी लाभाची, ती मोजायची नाही, तिच्यावरून मनाला बोलायचं नाही, चवीनं खायची. दुसरी घ्यायच्या आधी पाणी प्यायचं आणि पोटाला विचारायचं. "पोटाले पुसा, जिभेले नाई. जीभ हमालावानी हाय, कोनती बी गोनी उचलते."

आणि ते स्वतः? बाजाराच्या दिवशी ते पावशेर जिलेबी आणत, अंगणात काट्याच्या फळीवर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांच्या देखत खात. मलाही वेढा देत. मी पहिल्यांदा नको म्हणाले तेव्हा ते चिडले. "इथं बसून नाई खासान तं वरते जाऊन खासान. घ्या!" मी त्यांच्या शेजारी बसून खाल्ली. एकच वेढा, दुसरा मागावासा वाटला नाही, याचं मला त्या दिवशी फार नवल वाटलं. संध्याकाळी जेवून झालं की आम्ही बसस्टँडापर्यंत चालत जायचो. ते पुढे, मी मागे. वाटेत बोलत नसत. परत फिरायची खूण म्हणजे ते स्टँडावरच्या बाकाला हात लावत, जणू बाक पळून जाणार होता.

यात उपाशी राहण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सोडून देण्यासारखंही काही नव्हतं. शाळेतल्या त्या बाईंनी दरम्यान आणखी दोन प्रकारच्या भुकट्या घेतल्या, उतरल्या, चढल्या. माझं कौतुक मात्र आता कुणी करत नव्हतं. हळू बदलणारं माणूस रोज पाहणाऱ्यांना बदललेलं दिसत नाही.

अशी दोन वर्षं गेली. एकदा काका-काकू लाभाताईंकडे सुलतानपूरला गेले होते. गुरुवार होता. मला राहवेना. दोन वर्षं दर आठवड्याला ज्या आकड्यापुढे मी उभी राहत होते, तो एकदा पाहावा असं वाटलं. पुढच्याच आठवड्यात तपासणीचा कागद यायचा होता आणि माझी धाकधूक वाढली होती. मी काट्यावर चढले, वाकून दांडीकडे पाहिलं आणि वजन सरकवलं. दांडी हलली नाही. शेवटपर्यंत सरकवलं. तरी नाही. उतरून, गुडघे टेकून पाहिलं तेव्हा दिसलं: दांडी खांबाला तारेनं घट्ट आवळलेली होती. तार गंजून खांबाच्याच रंगाची झाली होती. कालपरवा बांधलेली नव्हती ती.

ते परतले तेव्हा मी अंगणातच वाट पाहत होते. पिशवीही खाली ठेवू दिली नाही.

"काका, हा काटा चालत नाही."

"चालते. बांधला हाय."

"कधीपासून?"

"आनला तवापासून." ते बाजेवर बसले. "त्याच्यावर सरकारी शिक्का नाई, बाई. दर साली शिक्का माराव लागते, तवा तोल खरा. बिनशिक्क्याच्या काट्यावर तोल करनं गुन्हा हाय. मी जल्मात केला नाई."

"मग दोन वर्षं मला चढवत का होता?"

"चढा म्हनलो. तोलतो म्हनलो होतो का?"

मी आठवून पाहिलं. खरंच नव्हते म्हणाले. काकू ओट्यावरून हसत होत्या. त्यांना ठाऊक होतं.

"पण पाहत काय होता तुम्ही?"

"तुमचं तोंड. पयल्या साली तुमी चढल्या का दांडीकडे पाहत, कसायाकडं पाहावं तशा. मंग माह्याकडे पाहू लागल्या. आता सहा महिन्यांपासून चढल्या का काकूकडे पाहता, आज भाजी कोनती म्हनून." त्यांनी पिशवीतून सुलतानपूरची वांगी काढून काकूंकडे दिली. "मले कळलं, मानूस ठिकानावर आलं. त्याले काटा कायले लागते?"

पुढच्या आठवड्यात बुलढाण्याला गेले. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला, मागचे काढून शेजारी ठेवले. म्हणाले, "उंबरठ्यावरून खाली उतरलात. गोळीची गरज नाही. जे करताय ते करत राहा. काय करताय?" मी म्हणाले, "वेळेवर जेवते." बाहेर येऊन दवाखान्याच्या पायरीवर बसले. पाय समोर पसरले आणि अंगठ्यांकडे पाहिलं. दोन साधे अंगठे. आईसाठी मला तेव्हा रडू आलं, पण त्या रडण्यात भीती नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच नव्हती.

काकांना सांगितलं, तर म्हणाले, "कागदावर शिक्का हाय का?"

"आहे."

"मंग खरं हाय." आणि त्या संध्याकाळी बसस्टँडावरचा बाक त्यांनी मला शिवू दिला.

गेल्या हिवाळ्यात त्यांचं अन्न तुटलं. आजार लांबला नाही. छातीत कफ, ताप, आणि मग नुसतं थकत जाणं. लाभाताई आल्या होत्या. काकू भरवायला बसल्या की ते तोंड फिरवत. एका दुपारी ज्वारीच्या पातळ कण्या घेऊन मी बसले. आईला भरवताना मी नेहमी घाई करायची, चिडायची. या वेळी मला घाई नव्हती. चमचा त्यांच्या ओठांशी नेला आणि म्हणाले, "लाभ."

त्यांचे डोळे उघडले. तोंडही. गिळलं.

मी दुसरा चमचा भरला. ते मान हलवून म्हणाले, "पोटाले पुसलं. पुरे म्हन्ते."

मी चमचा वाटीत ठेवला. आग्रह केला नाही. दोन दिवसांनी, उजाडल्यावर, झोपेतच ते गेले. लाभाताई मला मिठी मारून रडल्या आणि म्हणाल्या, "बाबा उपाशी गेले." मी म्हणाले, "नाही. लाभ घेऊन गेले." त्यांना तो चमचा मी सांगितला, तेव्हा त्या शांत झाल्या. मीही.

काटा अजून लिंबाखालीच आहे. मध्ये भंगारवाला दोनदा विचारून गेला. काकूंनी त्याला परत पाठवलं. पुसायचं फडकं आता माझ्याकडे आहे. तार तशीच आहे.

काल गुरुवार होता. काटा पुसून झाला आणि मी सवयीनं फळीवर चढले. समोर कोणी नव्हतं. लिंबाची दोन-चार पानं दांडीवर पडली होती. मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून वास येत होता, पण कशाचा ते नीट कळेना.

काकू तव्यावरून मान न वळवता म्हणाल्या, "हं. उतरा. चवळीच हाय."